आखूडनळी, बहुगोळी

बातमी फुगायला मिल्टन कीन्ससारखं गाव नाही. इथे पावलापावलावर राउंडअबाउट. त्यामुळे बातमी एकदा सुटली की ती सरळ कुठे जातच नाही. गोल गोल फिरते आणि भलत्याच एक्झिटने बाहेर पडते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याबद्दलची बातमी अशीच बाहेर पडली. वैजयंती देवस्थळेने म्हणे घरात मशीनगन आणली आहे, ती तळघरात ठेवली आहे आणि हरीशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तिच्यापुढे बोलायची हिंमत होत नाही. मिल्टन कीन्समधल्या घरांना तळघरं नसतात, पण बातमीला त्याचं काय?

म्हणून खरं काय ते एकदाच सांगून टाकते. ती मशीनगन नव्हती. ती आमच्या घरात कधीच नव्हती. हरीशची माझ्यापुढे बोलायची हिंमत बंदुकीच्या आधीपासूनच होत नाही. आणि मला झाल्या प्रकाराची तिळाएवढीही लाज वाटत नाही.

मी रविवारी रायफल क्लबात जाते. का जातेस, असं कुणी विचारू नये. बागकाम करणाऱ्या बाईला कुणी 'का' विचारत नाही. शहराबाहेर एका शेतामागे आमची रेंज आहे. पत्र्याचं छप्पर, समोर मातीचा उंच बंधारा, त्याच्या पायथ्याशी कागदी टार्गेटं, आणि मागे एक खोली, तिथे चहा आणि भांडणं दोन्ही होतात. मी तिथे अजून प्रोबेशनवर होते. प्रोबेशन म्हणजे नव्या सुनेचे दिवस: हात लावायचा तर विचारून, आणि शेजारी कुणीतरी जाणतं माणूस उभं हवं.

माझ्याशेजारी उभे राहायचे ते सोलोमनभाऊ. सोलोमन नागावकर. बेने इस्राएल, मूळचे भायखळ्याचे, तरुणपणी लंडनला आले आणि निवृत्तीनंतर लेकीजवळ इथे राहायला आले. त्यांचं मराठी आमच्यासारखं रोज वापरून चुरगळलेलं नाही. कपाटातल्या शालूसारखं घडी घालून ठेवलेलं आहे. क्लबाचे ते रेंज ऑफिसर. त्यांनी "स्टॉप" म्हटलं की गोळीसुद्धा हवेत थांबेल असं वाटतं.

अडचण एवढीच होती की क्लबाच्या सगळ्या रायफली उंच माणसांसाठी घडवलेल्या, आणि मी चार फूट दहा इंच. दस्ता खांद्याला टेकवला की बोट चापापर्यंत पोचत नाही. बोट चापावर ठेवलं की दस्ता काखेत. तशाही अवस्थेत मी नेम धरायचे, आणि गोळी इतक्या दूर जायची की शेजारच्या माणसाला आपल्या टार्गेटवर एक भोक जास्तच सापडायचं. तो खूश व्हायचा. माझा मात्र कागद कोरा.

"वैजयंतीबाई, दोष तुमच्यात नाही, लाकडात आहे," सोलोमनभाऊ म्हणाले. "आपण कमिटीला आखूड रायफल घ्यायला सांगू."

कमिटी म्हणजे मुख्यतः क्लाइव्ह. सहा फूट चार इंचांचा चेअरमन. त्याच्याशी बोलून आले की माझी मान दुखते. तो वाईट नाही, पण बायकांशी बोलताना आवाज असा मऊ करतो, जणू समोरची बाई आत्ताच ॲनेस्थेशियातून बाहेर आली आहे. सोलोमनभाऊंनी विषय काढला. एक डीलर आखूड नळीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल दाखवायला आणायला तयार होता. आता 'सेमी-ऑटोमॅटिक' या शब्दाने घाबरू नका. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढची गोळी मात्र आपली आपण जागेवर येऊन बसते, एवढाच त्याचा अर्थ. इथल्या कायद्याने ही सवलत फक्त पॉइंट टू-टूच्या, म्हणजे सगळ्यात लहान गोळीच्या रायफलीला आहे, आणि तिचीही नळी तीस सेंटिमीटरहून आखूड चालत नाही. ही त्याहून थोडी लांब होती. वजनाला हलकी, दस्ता मागेपुढे सरकणारा. आपल्याकडे आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधतात ना, तशी ही आखूडनळी, बहुगोळी.

"लव्हली आयडिया," क्लाइव्ह म्हणाला. "लेडीजसाठी छान होईल."

क्लबात लेडीज म्हणजे मी एकटी. म्हणजे मीच ते अनेकवचन.

"पण आधी नीट टेस्ट व्हायला हवी," तो पुढे म्हणाला. "नेम कसा लागतो, कुठल्या गोळ्या अडकतात. मी आणि टेरी करून टाकू."

टेरी त्याचा मित्र. क्लाइव्हहून एक इंच कमी. त्या दोघांनी ती रायफल खांद्याला लावली असती तर टूथब्रश धरल्यासारखे दिसले असते.

"ज्याच्या पायाचा जोडा, त्यानेच घालून बघायचा," मी म्हणाले. "टेस्ट मी करणार."

खोलीत शांतता पसरली. इंग्लिश शांतता. म्हणजे सगळे एकदम आपापल्या चहाकडे बघायला लागले. शेवटी क्लाइव्ह म्हणाला, "व्हाय नॉट?" इतक्या वर्षांत मला कळलं आहे की इंग्लिश माणूस 'व्हाय नॉट' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे भरपूर कारणं असतात. मी ती विचारली नाहीत.

घरी सांगितलं तेव्हा हरीशने हातातला डिशवॉशरचा ट्रे तसाच खाली ठेवला.

"वैजयंती, आपण ब्रिटिश पासपोर्टवाले असलो तरी हातात बंदूक घेतलेला ब्राउन माणूस लोकांना कसा दिसतो, तुला ठाऊक आहे ना?"

"मी माणूस नाही, बाई आहे."

"विनोद करू नकोस. इथे इतकी वर्षं आपण कुणाच्या नजरेत न येता काढली."

तो हे अगदी कळवळून म्हणाला, आणि मला त्याचाच राग आला. कारण ते खरं होतं. तीस वर्षं आम्ही टीव्हीचा आवाज कमी ठेवला, फोडणी देताना खिडक्या लावल्या, आणि शेजाऱ्याचा कचऱ्याचा बिन चुकून आमच्या दारात राहिला तरी आम्हीच सॉरी म्हटलं. कुणाच्या नजरेत आलो नाही. मग आता येऊ या की थोडं! कुणाची हरकत?

तेवढ्यात साउथहॅम्प्टनहून लेकीचा फोन आला. अन्वी तिथे डॉक्टर आहे. मराठी बोलते, पण शब्दांची लिंगं तिने लहानपणीच स्वतःच्या सोयीने वाटून घेतली आहेत.

"आई, बाबा सांगितला मला. हा बंदूक रिअल आहे?"

"ही बंदूक. हो, रिअल आहे."

"तुझी ब्लड प्रेशर कसा आहे?"

"बंदुकीचं की माझं?"

"आई, आय ॲम सीरियस. तुझा रिस्ट नाजूक आहे. तू पिकलबॉल का नाही खेळतो?"

पिकलबॉलचा सल्ला मला त्या आठवड्यात सगळ्यांनी दिला. शेजारच्या कस्तुरीने तर रॅकेटच आणून ठेवली. कस्तुरी इथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव आहे, आणि सल्ला न देता ती कुणाच्या घरून परत गेल्याचं कुणाला आठवत नाही. "शस्त्रच हवं असेल तर लेझीम कर," ती म्हणाली. लेझीम हे शस्त्र कधीपासून झालं, हे मी विचारलं नाही. तिची लेझीम मी पाहिलेली आहे. जाता जाता म्हणाली, "आणि शस्त्र आग्नेयेला ठेव, नाहीतर घरात कटकटी होतात." बंदूक घरी येणारच नाही, डीलर ती थेट रेंजवर आणणार आणि परत नेणार, असं मी तिला सांगितलं. तिने ते ऐकलं नाही. मशीनगन आणि तळघर तिथूनच निघालं असावं, असा माझा पक्का संशय आहे.

आता हूव्हरबद्दल, म्हणजे आमच्या व्हॅक्युम क्लीनरबद्दल. हे मला सांगायचं नव्हतं, पण लोक अर्धवट सांगतात.

टेस्ट नीट व्हावी म्हणून मला सराव हवा होता. बंदूक धरायची कशी, खांदा कुठे, कोपर कुठे, श्वास कधी सोडायचा. सोलोमनभाऊ म्हणाले होते की घरी नुसता पवित्रा घोटला तरी चालेल. आमच्या हूव्हरची काळी नळी लांबीला साधारण त्या रायफलीएवढी होती. ती घेऊन मी वरच्या खोलीत उभी राहायचे, खिडकीतून समोरच्या घराच्या धुराड्यावर नेम धरायचे, श्वास सोडायचे आणि तोंडाने हलकेच "ठॉक" म्हणायचे. ते धुराडं डोरीनबाईंचं. डोरीनबाई रस्त्यावरच्या नेबरहुड वॉचच्या, म्हणजे गल्लीवर पहारा ठेवणाऱ्या शेजाऱ्यांच्या गटाच्या, प्रमुख. वॉच हा त्यांचा छंद नाही, प्रकृती आहे.

दारात दोन पोलीस उभे राहिले तेव्हा हरीश एकटाच खाली होता. मी वरून त्याचा आवाज ऐकला: "प्लीज कम इन, प्लीज, शूज काढायची गरज नाही." हरीश जेव्हा कुणाला बूट घालून गालिच्यावर येऊ देतो, तेव्हा समजावं की जग बुडालं आहे.

"मॅडम," त्यातली तरुण पोलीसबाई जिन्याखालून म्हणाली, "हातात जे आहे ते खाली ठेवून, हात दिसतील असे सावकाश या."

मी सावकाश आले. माझ्या मागून, कशी कोण जाणे, पदरासारखी घसरत हूव्हरची नळी जिन्याच्या पायऱ्या उतरत आली आणि ठणठण करत तिच्या बुटांशी थांबली. तिने नळी उचलली. आत डोकावून पाहिलं. आतून मांजराच्या केसांचा एक गोळा बाहेर पडला. आमच्याकडे मांजर नाही. म्हणजे कस्तुरीचं मांजर आमच्याकडे येतं, ही नवीनच माहिती मिळाली.

पोलीस फार सभ्य वागले. माझी सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली, क्लबाचं नाव विचारलं, आणि हरीशने दिलेला चिवडाही खाल्ला. पण नियमाप्रमाणे त्यांनी क्लबाला फोन केला. आणि क्लाइव्हने मला.

"वैजयंती, डिअर," मऊ आवाज आला. "या सगळ्यानंतर तुमची टेस्ट जरा पुढे ढकलावी म्हणतो. आणि मेंबरशिपचाही विचार सावकाश करू. तुमच्याच भल्यासाठी."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. 'मी सांगितलं होतं' हे हरीशच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण ते तोंडातून बाहेर पडू न देण्याइतका तो शहाणा आहे. त्याने गुपचूप हूव्हरची नळी जोडली आणि जिना झाडायला घेतला. त्या आवाजात मला रडून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. मी गाडीची किल्ली घेतली.

क्लबाच्या मागच्या खोलीत कमिटी बसली होती. मी बसले नाही. बसल्यावर मी आणखी बुटकी दिसते.

"मला एक दाखवा," मी म्हणाले. "हूव्हर खांद्याला लावायचा नाही, हे क्लबाच्या कुठल्या नियमात आहे? पोलीस आले, त्यांनी पाहिलं, काही गैर नाही म्हणून गेले. पोलिसांचं समाधान झालं. तुमचं का होत नाही? मी उंच असते, माझं नाव टेरी असतं आणि मी खिडकीत उभी राहून हेच केलं असतं, तर तुम्ही हसला असता आणि मला बिअरचा एक पाइंट पाजला असता."

पुन्हा सगळे चहाकडे. आणि अचानक टेरी हसला. "फेअर पॉइंट," तो म्हणाला. "मी गेल्या वर्षी बिलियर्ड्सच्या काठीने केलं होतं. बायकोचा दिवा फुटला."

क्लाइव्हने त्याच्याकडे असं पाहिलं, की मला टेरीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. टेस्ट रविवारीच ठरली.

रविवारी हरीश बरोबर आला. का, असं विचारलं तर म्हणाला, "पार्किंग कठीण असतं." शेताच्या कडेला पार्किंग कठीण! कानांवर मफलर गुंडाळून तो प्रेक्षकांच्या कठड्यामागे जाऊन बसला, फाशी बघायला आल्यासारखा.

डीलरने पेटी उघडली आणि सगळे उंच पुरुष पुढे झुकले. ती रायफल खरंच देखणी होती. काळी, आटोपशीर, बोलण्यात मुद्द्याची. क्लाइव्ह लगेच म्हणाला, "ही कायद्याने चालते नक्की? फारच आखूड दिसते." डीलरने टेप काढला. नळी मोजली. क्लाइव्हने पुन्हा मोजली. मग कुठून मोजायची यावर वाद झाला. सगळे तिच्याभोवती गोल करून उभे, आणि मी त्यांच्या कोपरांच्या उंचीवर. कमी लांबीच्या गोष्टीला आपण पुरेशा आहोत हे किती वेळा सिद्ध करावं लागतं, हे त्या रायफलीला त्या क्षणी माझ्याइतकं कुणी सांगू शकलं नसतं. शेवटी सोलोमनभाऊ म्हणाले, "जंटलमेन, टेप तोच, नळी तीच. चला."

मी दस्ता पूर्ण आत सरकवला. खांद्याला लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं बोट चापावर असं जाऊन बसलं, जसा आपल्या मापाच्या बांगडीत हात जातो.

पहिल्या गोळ्या घावनाएवढ्या जागेत पडल्या. दुसऱ्या खेपेला पुरीएवढ्या. मग क्लबाच्या स्वस्त गोळ्या घातल्या, ज्या क्लाइव्हने घाऊक आणल्या होत्या. त्या अडकायला लागल्या. मी थांबायचे, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढायचे, अडकलेली गोळी बाहेर पाडायचे, पुन्हा सुरू. "अडकली," मी दर वेळी मोठ्याने सांगत होते. क्लाइव्हला ते ऐकू येत नसल्याचं दिसत होतं.

आणि मग ते झालं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाजूला फेकते. ती पुंगळी तव्यावरून उतरल्यासारखी तापलेली असते. एक पुंगळी उजवीकडच्या आडोशाच्या फळीवर आपटली, उलटी आली आणि सरळ माझ्या कॉलरमधून आत गेली.

"अगं आई गं, मेले!" मी ओरडले.

रेंजवर एकच नियम सगळ्यांत मोठा: काहीही झालं तरी नळी समोर. आग लागो, भूकंप होवो, नळी समोर. मी नळी समोर ठेवली. पाठीवरून ती पुंगळी आपल्या वाटेने खाली चालली होती. मी बोट चापावरून काढलं. मॅगझिन काढलं. आत बसलेली गोळी बाहेर पाडली आणि नळी रिकामी आहे हे पाहिलं. रायफल टेबलावर ठेवली, नळी समोर. आणि मगच मी मागे सरले आणि असा नाच केला, की कस्तुरीने लेझीम कायमची सोडावी.

पण तेवढ्यात मागे भलतंच घडलं होतं. हरीशने कानांवरचा मफलर एका बाजूने सरकवला होता, आणि त्या एका कानाने त्याला एकच शब्द ऐकू आला: "मेले!"

तीस वर्षं मी भाजी करपली की मेले, बस चुकली की मेले, इन-लॉजचा फोन आला की मेले. त्याला हे पाठ असायला हवं होतं. पण समोर बंदूक असली की माणूस शब्दशः ऐकतो. तो कठड्यावरून उडी मारून धावला. आमचा हरीश! जो लाल सिग्नलच्या आधीच थांबतो, जो कुणाच्या नजरेत येत नाही, तो "वैजू! वैजू!" करत सगळ्या इंग्लंडच्या नजरेसमोर बंदुकांच्या दिशेने धावत आला, मफलरमध्ये पाय अडकून पडला आणि माझ्या पायाशी येऊन थांबला.

"स्टॉप! स्टॉप! स्टॉप!" सोलोमनभाऊंनी गर्जना केली. सगळी रेंज गोठली. फक्त मी नाचत होते.

पुंगळी खाली पडली. हरीशने वर पाहिलं. "लागली कुठे?"

"भाजलं रे. पाठीवर. पुंगळी होती."

त्याने डोळे मिटले. मला वीस वर्षांत त्याने वैजू म्हटलं नव्हतं. त्याचा गुडघा फुटला होता. मी त्याला उठवलं आणि म्हणाले, "मूर्ख आहेस. गोळी लागली असती तर?"

"तुला लागली असं वाटलं म्हणून तर आलो," तो म्हणाला.

सोलोमनभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हरीशराव, तुम्ही भले गृहस्थ आहात. पण चालू रेंजवर धावलात. आज तुम्हाला इथे बंदी. गाडीत जाऊन बसा." मग माझ्याकडे वळून ते सर्वांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाले, "आणि या बाईंनी पाठीत निखारा असताना नळी समोर ठेवली. हे सगळ्यांनी पाहिलं असेलच."

पण क्लाइव्ह पुढे आला. आवाज मऊ. "आजच्यापुरतं पुरे करू या. एवढा धक्का बसल्यावर..."

"टेस्ट संपलेली नाही," मी म्हणाले. "चांगल्या गोळ्यांचं मॅगझिन राहिलं आहे."

"वैजयंती, डिअर..."

"डिअर नाही. टेस्टर."

मी हरीशच्या गळ्यातला मफलर काढून घेतला, माझ्या कॉलरभोवती घट्ट आवळला आणि पुन्हा उभी राहिले. पाठ चुरचुरत होती. नळीचं टोक टार्गेटवर ठरत नव्हतं. ते मी लपवलं नाही, श्वास सोडत बसले. हात स्थिर झाले तेव्हा चाप ओढला. पुन्हा ओढला. मॅगझिन संपेपर्यंत ओढत राहिले.

टार्गेट आणलं. सगळ्या गोळ्या एका पेढ्याएवढ्या जागेत.

कमिटीसमोर मी तोंडी अहवाल दिला. त्यांना घावन आणि पेढा समजणार नाही म्हणून डिनर प्लेट आणि कस्टर्ड क्रीम बिस्किट असं सांगितलं. रायफल उत्तम. क्लबाच्या स्वस्त गोळ्या टाकाऊ. पुंगळीसाठी फळीवर कापडी पडदा हवा. क्लाइव्हचे कान लाल झाले, पण घेऊ नका असं म्हणायला त्याला कारण उरलं नव्हतं. रायफल घ्यायचं ठरलं. मला मेंबर करून घ्यायचंही ठरलं. हात वर करणाऱ्यांत टेरीचा हात सगळ्यांच्या वर होता.

गाडीत येऊन हरीशला सांगितलं. तो म्हणाला, "पेढ्याएवढ्या? सगळ्या?" आणि घरी पोचेपर्यंत प्रत्येक राउंडअबाउटला पुन्हा विचारत राहिला.

इथे संपायला हवं होतं. पण क्लब आहे. रायफल आली आणि 'लेडीजसाठी' म्हणून घेतलेल्या त्या रायफलीसाठी सगळे उंच पुरुष रांगा लावू लागले. हलकी, नेमकी, मजेदार! पुढच्या रविवारी मी पोचले तर टेरी, क्लाइव्ह आणि आणखी बरेच जण आधीच उभे. "नाव लिहून ठेवतो तुमचं," क्लाइव्ह म्हणाला. "संध्याकाळपर्यंत नंबर लागेल बहुतेक."

मी सोलोमनभाऊंकडे पाहिलं.

"आमच्या शाळेत," मी मोठ्याने म्हणाले, "रांग उंचीने लागायची. बुटके पुढे. नाहीतर त्यांना काही दिसत नाही."

"आमच्याही शाळेत," सोलोमनभाऊ म्हणाले, आणि रेंज ऑफिसरच्या आवाजात त्यांनी हुकूम सोडला.

इंग्लिश माणूस रांग मोडत नाही; रांग कशी लावायची एवढंच त्याला सांगावं लागतं. कुरकुरत का होईना, ते सगळे पाठीला पाठ लावून एकमेकांची उंची मोजू लागले. क्लाइव्ह आपणहून सरकत सरकत शेवटी गेला, छपराच्या पत्र्याखाली मान वाकवून.

मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. दस्ता आत सरकवला. मागे वळून पाहिलं नाही. रेंजवर पाहायचं नसतंच.